जॉर्डन फिरायचंय? मग अम्मानला तळ ठोकून बसू नका

जॉर्डनचा नकाशा बघितला की पहिला विचार हाच येतो, अरे एवढासा तर देश आहे, चार दिवसांत उरकून टाकू. आणि खरंय, क्षेत्रफळ ८९ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशही नाही, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत गाडीने एका दिवसात आरामात जाता येतं. त्यामुळे बहुतेक जण काय करतात की अम्मानला, म्हणजे राजधानीत, हॉटेल घेतात आणि तिथून रोज सकाळी उठून एकेक ठिकाण, आज जेराश म्हणजे रोमन शहराचे अवशेष, उद्या डेड सी, परवा पेट्रा म्हणजे डोंगरात कोरलेलं प्राचीन शहर, रात्री परत अम्मान. जेराशपुरतं हे ठीक आहे हो, पण पेट्रा अम्मानपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, जायला तीन तास यायला तीन तास, मग तिथे हातात उरतात जेमतेम पाच तास आणि तेही भर दुपारचे. माझ्या मते हा देश उत्तरेकडून दक्षिणेकडे मुक्काम बदलत उतरत जायचा आहे, आणि खालीही तसंच सांगणार आहे, कुणाला घाईत बघायचं असेल तर टूर कंपन्या आहेतच.

उंचीचं गणित आधी समजून घ्या कारण कपडे, सीझन, रूट सगळं त्यावर ठरतं. अम्मान डोंगरांवर वसलंय, काही भाग समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर. तिथून तासाभरात गाडी डेड सीला उतरते जो समुद्रसपाटीच्या जवळपास ४३० मीटर खाली आहे, जमिनीवरची जगातली सगळ्यात खोल जागा, उतरताना कानात दडे बसतात. पेट्रा परत वर, डोंगरात. त्यामुळे होतं काय की एकाच दिवशी अम्मानला जॅकेट लागतं आणि डेड सीला टीशर्टात घाम येतो. बॅगेत थर चढवता-उतरवता येतील असे कपडे टाका, एकच जाडजूड जॅकेट नेऊन उपयोग नाही.

सीझन म्हणाल तर मार्च ते मे आणि मग सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. त्यातही मला विचाराल तर एप्रिल, कारण हिवाळ्यातल्या पावसानंतर डोंगर चक्क हिरवे असतात आणि रानफुलं असतात, जॉर्डन म्हणजे नुसतं वाळवंट हे डोक्यातलं चित्र पुसलं जातं. जून ते ऑगस्ट दक्षिणेकडे वादी रमच्या वाळवंटात (वादी म्हणजे दरी) आणि तांबड्या समुद्रावरच्या अकबा बंदराला पारा चाळिशीच्या आसपास किंवा वर, पेट्रात सावली शोधत फिरावं लागतं. डिसेंबर ते फेब्रुवारी स्वस्त आणि कमी गर्दी, पण अम्मान-पेट्राला चांगली थंडी, कधीकधी बर्फसुद्धा. आणि पावसाळी दिवसात एक गोष्ट अजिबात हलक्यात घेऊ नका ती म्हणजे अचानक येणारे लोंढे. इथे पाऊस कमी पडतो पण पडला की उघड्या खडकावरून सगळं पाणी एकदम घळीत उतरतं, २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पेट्रातून हजारो पर्यटकांना बाहेर काढावं लागलं होतं. गेटवरच्या माणसाने आज बंद म्हणून सांगितलं तर वाद घालू नका. रमजानमध्ये जाणार असाल तर दिवसा बरीच हॉटेलं बंद असतात, साईटच्या वेळा कमी होतात, पण संध्याकाळी इफ्तारनंतर अम्मानमध्ये जी रौनक असते ती मस्तच.

पास, व्हिसा आणि दिनार

जॉर्डन पास नावाची ऑनलाइन मिळणारी गोष्ट आहे, ती देशात शिरायच्या आधी घ्यायची. हिशोब सरळ आहे. व्हिसा फी ४० दिनार, पेट्राचं एका दिवसाचं तिकीट ५० दिनार, झाले ९०. जॉर्डन पास पेट्राच्या एका दिवसासकट ७० दिनार, दोन दिवसांसकट ७५, तीन दिवसांसकट ८०, आणि त्यात व्हिसा फी माफ, फक्त देशात किमान तीन रात्री राहायला हवं. वर जेराश, अम्मानचा किल्ला, केरक, शोबक, अजलून, उम्म कैस, वादी रमची एंट्री असं चाळीसेक ठिकाणांचं तिकीट त्यातच. म्हणजे पाच दिनार जास्त टाकून पेट्राचा दुसरा दिवस मिळतो, ७५ वालाच घ्या, ७० वाला घेणाऱ्याचं लॉजिक मला कळलेलं नाही. मात्र मदाबाचं चर्च, माउंट नेबो, वादी मुजिबचा ट्रेक, डेड सीचे बीच, वादी रमची जीप हे यात येत नाही, त्याचे पैसे वेगळे. पास घेतल्यापासून वर्षभर वापरायला सुरू करता येतो आणि पहिल्यांदा स्कॅन झाला की पुढे दोन आठवडे चालतो. फी माफ आहे म्हणजे व्हिसा लागत नाही असं नाही हं, तुमच्या पासपोर्टला विमानतळावर व्हिसा मिळतो का आणि काय काय कागद दाखवावे लागतात ते विमानाचं तिकीट काढायच्या आधी दूतावासाच्या साईटवर बघून घ्या, हे नियम बदलत असतात. आसपासच्या देशांत काही पेटलं की विमानं रद्द होतात तेव्हा तिकीट बदलता येईल असं घ्या आणि इन्शुरन्स काढा.

आता पैशाचं. जॉर्डनचा दिनार १९९५ पासून डॉलरला बांधलेला आहे, एक दिनार म्हणजे साधारण १.४१ डॉलर. यात गंमत अशी होते की आकडे फार लहान दिसतात. चहा एक दिनार, गाढवाची राईड पाच दिनार, स्कार्फ दहा दिनार, ऐकायला सगळं किरकोळ वाटतं आणि संध्याकाळी हिशोब केला की डोळे पांढरे होतात. देश स्वस्त नाहीये, हे मनाशी धरूनच निघा. एका दिनारचे हजार फिल्स, पण बोलताना लोक पियास्टर किंवा किर्शमध्येही बोलतात, शंभर पियास्टर म्हणजे एक दिनार, तेव्हा दुकानदार पन्नास म्हणाला तर घाबरू नका तो अर्धा दिनार म्हणतोय. एक आणि पाच दिनारच्या नोटा जमवत राहा, पन्नासची नोट घेऊन टॅक्सीत बसलात तर सुट्टे नाहीत हे ठरलेलं उत्तर. वादी रमच्या गावात एटीएम नाही, कॅश आधीच काढून ठेवा.

गाडी की बस

दोघं-तिघं असाल तर गाडी भाड्याने घ्या, सरळ. उजव्या बाजूने चालवायची आहे, स्टिअरिंग डावीकडे, पहिला अर्धा तास वायपर आणि इंडिकेटरची अदलाबदल होते मग हात बसतो. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट सोबत ठेवा. अम्मान शहरात मात्र गाडी नकोच, चढ-उतार, गोल चक्कर आणि हॉर्न, तिथे उबर किंवा करीम चालतं, पिवळी टॅक्सी घेतलीत तर मीटर टाकायला सांगा. गाडी अम्मान सोडायच्या दिवशी सकाळी ताब्यात घ्या म्हणजे दोन दिवसांचं भाडं वाचतं.

रस्त्यावरची खरी डोकेदुखी स्पीड ब्रेकर. चांगल्या गुळगुळीत रस्त्यावर गावाजवळ अचानक ब्रेकर येतो, ना रंग ना पाटी, आणि तुम्ही ऐंशीच्या स्पीडला असता. समोरच्या गाडीचे ब्रेक लाईट लागले की आपणही स्लो करायचं, हीच पाटी. रात्री शहराबाहेर चालवू नका, उंट रस्त्यावर येतात आणि काही ट्रकांना मागचे दिवे नसतात. पोलिस चेकपोस्ट बऱ्याच लागतात, डेड सीच्या रस्त्यावर तर नक्कीच, पासपोर्ट हाताशी ठेवा, कुठले विचारतात, वेलकम टू जॉर्डन म्हणतात आणि सोडतात.

गाडी चालवायची नसेल तर जेट कंपनीच्या बस आहेत, अम्मानहून पेट्रा आणि अकबाला जातात, सीट आधी बुक करा, पेट्राची सकाळी लवकर निघते. बाकी मिनीबस भरल्या की सुटतात, वेळापत्रक वगैरे काही नसतं, आणि शुक्रवारी तर जवळपास ठप्प, कारण शुक्रवार-शनिवार सुट्टी. पण बसने गेलात तर किंग्ज हायवे हुकतो आणि तो हुकवणं म्हणजे अर्धा जॉर्डन हुकवणं, तेव्हा बसवाल्यांनी निदान त्या एका दिवसापुरता टॅक्सीवाला ठरवावा, चार जणांत वाटून घेतला तर परवडतो.

अम्मान आणि जेराश, दोन दिवस

अम्मानला लोक उगाच नावं ठेवतात. किल्ल्याच्या टेकडीवर सकाळी जा, तिथे हर्क्युलिसच्या मंदिराचे खांब आहेत आणि बाजूला जमिनीवर संगमरवरी हाताचा तुकडा पडलाय, नुसती बोटं, पण त्यावरून पुतळा किती अवाढव्य असेल याचा अंदाज येतो. टेकडीवरूनच खाली रोमन थिएटर दिसतं, सुमारे सहा हजार लोक बसतील एवढं, शहराच्या मध्यात. तिथून पायी उतरून जुन्या बाजारात जायचं. जॉर्डन म्युझियमला दोन तास द्या, ऐन गझालचे चुन्याचे पुतळे तिथे आहेत, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे, मोठ्ठाले काळ्या कडांचे डोळे आणि असे रोखून बघतात की काचेसमोरून हलवत नाही. १९८३ मध्ये रस्त्याचं काम चाललेल्या भागात सापडले.

घरांच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्याच टाक्या दिसतील. पाण्याचा प्रचंड तुटवडा असलेला देश आहे, अम्मानमध्ये बऱ्याच भागात आठवड्यातून एखाद-दोनदाच पाणी येतं, तेव्हा हॉटेलात अर्धा तास शॉवर चालू ठेवू नका एवढं तरी करूया.

जेराश तासाभरावर. रोमन काळातलं गेरासा. बादशहा हेड्रियन इथे इ.स. १२९-१३० च्या हिवाळ्यात आला म्हणून बांधलेली कमान गावाच्या दारातच उभी आहे, आत गेलं की लंबगोल चौक, त्याच्या भोवती खांब, आणि मग तो लांबलचक दगडी रस्ता ज्यावर रथांच्या चाकांच्या चाकोऱ्या अजून दिसतात, हात फिरवून बघा. आर्टेमिसच्या मंदिराशी एखादा गाईड किंवा पोरगा नक्की भेटतो जो खांबाखालच्या फटीत चमचा सरकवतो आणि थांबायला सांगतो. चमच्याचं टोक हळूहळू वर-खाली होतं! एवढा उंच खांब वाऱ्याने डुलतोय आणि पडत नाहीये, भूकंपाच्या भागात असं सांध्यांना जरा मोकळं ठेवलेलं बांधकामच टिकतं. त्याला दिनार द्या, शो चांगला असतो. पुढे दक्षिणेकडच्या थिएटरमध्ये लष्करी गणवेशातले म्हातारबा बॅगपाईप वाजवत असतात, रोमन थिएटर, अरब वादक आणि स्कॉटिश वाद्य, इंग्रज गेले पण बाजा ठेवून गेले.

वेळ असेल तर त्याच दिवशी अजलूनचा किल्ला होतो. उम्म कैसला मात्र आणखी एक अख्खा दिवस लागतो, काळ्या बेसाल्टची पडझड आणि समोर गालीलचा समुद्र, जागा सुंदर आहे पण पहिल्या फेरीत मी तरी सोडेन.

किंग्ज हायवेचा दिवस

अम्मानहून दक्षिणेला तीन रस्ते जातात. पूर्वेचा डेझर्ट हायवे, सरळसोट, ट्रक आणि धूळ. पश्चिमेचा डेड सीच्या काठचा. आणि मधला किंग्ज हायवे, जो हजारो वर्षं काफिल्यांचा रस्ता होता, रोमनांनी त्यावरच आपला रस्ता बांधला. नेव्हिगेशनला पेट्रा टाकलंत तर ते तुम्हाला हमखास डेझर्ट हायवेवर ढकलतं, म्हणून मदाबा, मग केरक, मग दाना असे टप्पे वेगवेगळे टाका. सकाळी सातला निघा, दिवस पुरत नाही.

मदाबाला सेंट जॉर्ज चर्चच्या फरशीवर सहाव्या शतकातला मोझेइक नकाशा आहे, जेरुसलेम, जॉर्डन नदी, नाईलचं खोरं. जॉर्डन नदीत मासे दाखवलेत आणि डेड सीच्या तोंडाशी पोचलेला एक मासा उलटा फिरून परत पोहतोय, कारण पुढे खारट पाण्यात मरण आहे. तो मासा शोधा, बाकीचे ग्रुप फोटो काढून दहा मिनिटांत निघून जातात. माउंट नेबो, म्हणजे बायबलमधल्या मोशेने जिथून पलीकडचा प्रदेश पाहिला असं मानतात तो डोंगर, बाजूलाच, हवा स्वच्छ असेल तरच थांबा, नाहीतर पलीकडे नुसतं धुकट पांढरं दिसतं.

मग वादी मुजिबची दरी. रस्ता एकदम कड्याशी येतो आणि खाली वळणं वळणं घेत तळाला धरणापर्यंत उतरतो आणि पुन्हा पलीकडे चढतो, कडेला चहाच्या टपऱ्या आहेत, तिथे थांबायचं. पुढे केरक, क्रुसेडर म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी ११४० च्या दशकात बांधलेला किल्ला, सलाहुद्दीनच्या फौजांनी लांबच लांब वेढा घालून ११८८ मध्ये घेतला. आत जमिनीखाली लांब अंधारी दालनं आहेत, मोबाईलचा टॉर्च लागतो. आपल्याकडच्या गडकोटांवर वाढलेल्या माणसाला इथे दोन तास कसे गेले कळत नाही.

मुक्काम दानाला करा. दरीच्या काठावर टेकलेलं दगडी घरांचं छोटंसं गाव, खाली अभयारण्य, जे सुमारे पंधराशे मीटरवरून थेट वादी अरबाच्या, म्हणजे डेड सीच्या दक्षिणेकडच्या सखल खोऱ्याच्या, सपाटीपर्यंत उतरतं, त्यामुळे एकाच दरीत वर झाडं, मध्ये खडक आणि खाली रखरखीत वाळवंट. चालणाऱ्यांसाठी खाली फेनानपर्यंत पंधराएक किलोमीटरची पायवाट आहे, सगळी उताराची, पण गाडी वर राहते आणि तुम्ही खाली पोचता, परतीची सोय आधी ठरवूनच निघा, रस्त्याने वळसा मोठा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्राकडे जाताना शोबकचा किल्ला, केरकपेक्षा ओसाड आणि मला तो जास्त आवडतो, १११५ चा आहे, ओसाड डोंगरावर एकटाच उभा. खडकातून खाली झऱ्यापर्यंत कोरलेला काळोखा जिना आहे, निसरडा आहे, बूट चांगले नसतील तर उतरू नका.

पेट्रा, दोन पूर्ण दिवस

मुक्काम वादी मूसा गावात, जमलं तर गेटपासून चालत जाता येईल असं हॉटेल. गेट सकाळी सहाला उघडतं आणि सहालाच जायचं, इथे मी अजिबात तडजोड करणार नाही. आठनंतर अम्मान-अकबाच्या बसा यायला लागतात आणि ज्या घळीत तुम्ही एकटे असता तिथे मग जत्रा असते.

गेटपासून घळीच्या तोंडापर्यंत पाऊणेक किलोमीटर, घोडेवाले सांगतील की घोडा तिकिटात फ्री आहे. फ्री आहे हे खरं, पण शेवटी टीप मागतात आणि ती फ्री नसते, आधीच आकडा बोलून घ्या नाहीतर चाला. मग सीक, १.२ किलोमीटरची चिंचोळी घळ. सगळे वर बघत चालतात, तुम्ही जरा बाजूला कमरेच्या उंचीवर बघा. खडकात कोरलेला पन्हाळीसारखा पाट अख्ख्या घळीभर जातो, काही ठिकाणी मातीच्या नळांचे तुकडे अजून बसवलेले दिसतात. पेट्रा उभारणारे नबातियन लोक व्यापारी, ऊद-लोबानचे काफिले त्यांच्या हातात, पण मला विचाराल तर खरे हुशार पाण्यात. झऱ्याचं पाणी शहरात आणायचं आणि पुराचं पाणी शहराबाहेर वळवायचं, दोन्ही त्यांनी केलं, घळीच्या तोंडाशी बांध आणि शेजारी डोंगरातून खोदलेला बोगदा आहे तो त्याचसाठी. पुढे ते मोडकळीला आलं, १९६३ च्या लोंढ्यात पर्यटक वाहून गेले आणि मग तिथे नव्याने बांध घातला.

घळ संपता संपता फटीतून खझना दिसतो, कड्यातच कोरलेली पेट्राची ती प्रसिद्ध इमारत. सुमारे ४० मीटर उंच, नाव खजिन्याचं पण मुळात कबर असावी, वरच्या दगडी कलशावर गोळ्यांच्या खुणा आहेत, आत सोनं असेल म्हणून लोकांनी झाडलेल्या, कलश निघाला भरीव दगड. ऊन त्याच्यावर साधारण नऊ ते अकरा असतं, तेव्हा आधी पुढे निघून जा आणि उन्हाच्या वेळी परत या. समोरच्या कड्यावरून फोटो काढून देतो म्हणून पोरं मागे लागतात, त्या वाटा धोक्याच्या आहेत, लोक पडलेत. त्याऐवजी राजकबरींच्या बाजूने खुब्ताची अधिकृत पायऱ्यांची वाट आहे, तासभर चढ, शेवटी एका चहाच्या तंबूतून खझना थेट खाली दिसतो. चहा घ्यावा लागतो, घ्या, कमावलेला असतो.

पहिल्या दिवशी एवढं आणि राजकबरी, थिएटर, खांबांचा रस्ता, बायझंटाइन चर्चची मोझेइक फरशी. राजकबरींमध्ये आत जाऊन छताकडे बघा, दगडातच लाल, पांढऱ्या, जांभळ्या रंगांच्या लाटा आहेत, पैठणीच्या पदरासारख्या. दुपारी दोनपर्यंत बाहेर या. लक्षात ठेवा की जाताना उतार आहे म्हणजे येताना चढ, आणि तो दमलेल्या पायांनी चढायचाय, घळीतून इलेक्ट्रिक गाड्या आहेत पैसे देऊन, आई-बाबा सोबत असतील तर बिनधास्त घ्या.

दुसरा दिवस अद दैरचा, म्हणजे मॉनेस्टरी. खझन्यापेक्षा मोठी, कोरीव काम कमी, पण समोर मोकळं मैदान आहे, बसता येतं, आणि ऊन दुपारनंतर येतं. नेहमीच्या वाटेने आठशेच्या वर पायऱ्या. गाढवावर बसून जाऊ नका, पायऱ्या झिजतात आणि त्या जनावरांचे हाल बघवत नाहीत. चालायची सवय असेल तर लिटल पेट्राच्या बाजूने मागून जायची वाट आहे, कड्याच्या काठाकाठाने, पायऱ्या कमी आणि वादी अरबाचा नजारा, मॉनेस्टरी बघून मग पायऱ्या उतरत मेन गेटने बाहेर पडायचं. त्या बाजूला तिकीट मिळत नाही पण चेक होतं, म्हणून आदल्या दिवशी मेन गेटने एंट्री झालेली असली की काम सोपं. दीड-दोन लिटर पाणी आणि काहीतरी खायला सोबत.

एक गोष्ट वाचून जा म्हणजे मजा येते. १८१२ मध्ये बुर्कहार्ट नावाचा स्विस माणूस अरब वेशात इथे आला, हारूनच्या (मोशेचा भाऊ, प्रेषित) कबरीवर बकरा अर्पण करायचाय असा नवस सांगून, कारण परक्याला कुणी आत येऊ देत नव्हतं. युरोपला पेट्रा "सापडलं" ते असं. स्थानिक बेदुईन तर तिथे गुहांमध्ये राहातच होते, १९८५ नंतर त्यांना शेजारच्या वसाहतीत हलवलं, आज चहा-माळा विकणारी बरीच मंडळी त्याच कुटुंबांतली आहेत. घासाघीस करा पण ताणू नका.

वादी रम

पेट्राहून दोन तासांच्या आत. गाडी गावातल्या पार्किंगला लावायची, पुढे कॅम्पवाल्याची जीप नेते. कॅम्प आधी बुक करा आणि एकच प्रश्न विचारा, कॅम्प संरक्षित क्षेत्राच्या आत आहे का. बाहेर दिसीच्या बाजूला दाटीने चकचकीत बबल टेंट आहेत, फोटो छान येतात पण शेजारच्या कॅम्पचं गाणं तुमच्या तंबूत वाजतं. आतले साधे, बकरीच्या केसांच्या कापडाचे तंबू, रात्री दिवे कमी आणि आकाश भरलेलं.

जीपची टूर चार तासांची पुरते, दुपारी सुरू करून सूर्यास्ताला संपणारी घ्या. खझालीच्या फटीत दगडावर कोरलेली माणसं, उंट आणि पावलं दिसतील, या सगळ्या भागात मिळून सुमारे २५,००० खोदचित्रं आणि २०,००० शिलालेख आहेत, म्हणजे या वाळवंटातून जाणाऱ्या कुणालाच हात स्वस्थ ठेवता आला नाही. तुम्ही ठेवा. रात्री गारठा पडतो, एप्रिलमध्येसुद्धा, टोपी न्या.

जेवायला झर्ब असतो, मांस आणि भाज्या एकाच उतरंडीत घालून वाळूखालच्या निखाऱ्यांवर पुरतात. शाकाहारी मंडळींनी बुकिंग करतानाच सांगा, आयत्या वेळी सांगितलंत तर त्यातलेच बटाटे बाजूला काढून देतील आणि वर मटणाचा रस. बाकी देशभर शाकाहाऱ्यांची काही अडचण नाही, हमुस, फलाफल, वांग्याचं मुतब्बल, फूल म्हणजे बाकल्याच्या शेंगांच्या दाण्यांची घट्ट उसळ, मसूरचं सूप, झातर म्हणजे रानओव्याचा-तिळाचा मसाला लावलेली गरम मनाकीश रोटी, सकाळी एवढं खाल्लं की दुपार निघते. मांसाहारी असाल तर मनसफ एकदा खाच, सुकवलेल्या आंबट दह्याच्या रश्शात शिजवलेलं मटण आणि खाली भात. जड असतं, त्या दिवशी दुपारी काही प्लॅन ठेवू नका.

अकबा पटकन, मग डेड सी शेवटी

अकबा तासाभरावर. स्नॉर्केलिंग-डायव्हिंग करणार असाल तर एक-दोन रात्री, प्रवाळ किनाऱ्यापासून पोहत जाण्याइतकं जवळ आहे. पाण्यात उतरणार नसाल तर जेवून पुढे निघा.

डेड सी लोक पहिल्या दिवशी करतात, मी म्हणेन शेवटी ठेवा, पेट्राने पाय भरून आलेले असतात तेव्हा खरी मजा. अकबाहून काठाकाठाचा रस्ता साडेतीन-चार तास, पेट्रोल अकबातच फुल करा, मध्ये पंप फार कमी. उत्तरेच्या टोकाला रिसॉर्ट आहेत, राहायचं नसेल तर बऱ्याच ठिकाणी डे पास मिळतो, गोड्या पाण्याचा शॉवर आहे का तेवढं विचारा, त्याशिवाय मजा नाही. कुठेतरी रिकामा किनारा दिसला म्हणून गाडी थांबवून उतरू नका. जॉर्डन नदीचं पाणी वरच वळवलं जातं आणि दक्षिणेला खनिजांसाठी पाणी वाळवतात, त्यामुळे पातळी वर्षाला मीटरभर उतरतेय आणि काठाची जमीन अचानक खचून खड्डे पडतात.

पाण्यात जायच्या दोन दिवस आधीपासून दाढी, वॅक्सिंग बंद. जखम झोंबणं काय असतं ते कळेल. चांदीचे दागिने काढून ठेवा, काळे पडतात. पायात जुन्या चपला, मिठाचे खडे कापतात. गुडघाभर पाण्यात जाऊन खुर्चीवर बसल्यासारखं मागे बसायचं, पाणी उचलतं. पालथं व्हायचं नाही, पोहायचं नाही, पाणी उडवायचं नाही, डोळ्यात थेंब गेला तर चोळू नका, कुणाला तरी हाक मारून गोडं पाणी मागा. पंधरा-वीस मिनिटं पुरे, मग काळा चिखल फासून सुकवा, धुवा, हवं तर परत एकदा.

तिथून विमानतळ पाऊण-एक तास, अम्मानमध्ये शिरायची गरजच नाही. गाडी परत देताना टाकी आणि ओरखड्यांचे फोटो काढा, घेतानाही काढले असतीलच. उरलेले दिनार तिथेच बदलून घ्या, कारण जॉर्डनच्या बाहेर ते घ्यायला कुणी सहजासहजी तयार होत नाही.